सगळे म्हणतात म्हणून... : अफवेच्या तर्कशास्त्राचा थोडा इतिहास

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. गणपतीचे विसर्जन होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी पहाटे दक्षिण दिल्लीतील एका देवळात कोणा भाविकाने चमचाभर दूध गणपतीच्या सोंडेशी धरले आणि ते पाहता पाहता कमी झाले. दिवस वर येईपर्यंत उत्तरेतल्या शहराशहरांत देवळांपुढे रांगा लागल्या. दुपारपर्यंत देशभर हीच वार्ता होती आणि लवकरच लंडनच्या साउथॉल भागातल्या देवळातही मंडळी दुधाचे भांडे घेऊन उभी राहिली. दिल्लीत त्या दिवशी दुधाचा खप ३० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे वृत्त नंतर छापून आले.

आज हे वाचताना तरुण वाचकांना वाटेल, त्यात काय, फॉरवर्ड आला असेल. पण देशातला पहिला मोबाइल कॉल त्याच वर्षीच्या ३१ जुलैला झाला होता आणि इंटरनेट १५ ऑगस्टला सुरू झाले होते. सामान्य माणसाच्या हातात दोन्ही यायला बराच अवकाश होता. ही बातमी गेली ती घरच्या काळ्या फोनवरून, एसटीडी बूथवरून आणि तोंडोतोंडी. मी तेव्हा शाळेत होतो. शेजारच्या काकू स्वयंपाक अर्धा टाकून चांदीची वाटी घेऊन निघाल्या होत्या एवढे आठवते.

शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास खुलासा केला. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यातील मंडळींनी दिल्लीच्या एका देवळात रंग मिसळलेले दूध चमच्याने मूर्तीला लावून दाखवले. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसत नाही, रंगीत दिसते. हे आपण दहावीच्या पुस्तकात वाचलेले असते. मला त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. एवढे कोट्यवधी लोक एका दिवसात एकच गोष्ट मानू कसे लागले? आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे थंड कसे झाले? एवढ्या वेगाने चढलेली श्रद्धा एवढ्या वेगाने उतरते कशी?

'लोक भोळे असतात' हे उत्तर मला पटत नाही. त्या रांगांत डॉक्टर होते, बँकवाले होते, इंजिनिअरही होते. आणि खरे सांगायचे तर प्रत्येकाचा विचार तपासून पाहिला तर त्यात फारशी चूक सापडत नाही. गोतमाच्या न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. 'शब्द' म्हणजे आप्ताचे, विश्वासू माणसाचे सांगणे. आता त्या दिवशीचा प्रसंग घ्या. नागपूरहून मावशीचा फोन येतो, "अगं, मी स्वतः पाजले, प्याले!" मावशी खोटे बोलणारी नाही. ती खोटे बोलतही नव्हती, तिच्या चमच्यातले दूध खरोखरच गेले होते. म्हणजे शब्दप्रमाण ठीक. मग तुम्ही देवळात जाता, स्वतःच्या चमच्यातले दूध जाताना पाहता. म्हणजे प्रत्यक्षही ठीक. चूक झाली ती फक्त अनुमानात : 'चमच्यातून गेले' पासून 'प्याले' पर्यंत. आणि ती उडी कोणी स्वतः मारली नाही, ती फोनवरून तयार होऊनच आली होती.

यात आणखी एक हिशेबाची गडबड असते. संध्याकाळपर्यंत तुम्हाला दहा फोन आले तर तुम्ही म्हणता, दहा साक्षीदार आहेत. पण त्या दहांपैकी सहा जणांनी एकाच मामांकडून ऐकलेले असू शकते आणि मामांनी रेडिओवरून. तेव्हा साक्षीदार दहा नाहीत, चारपाचच आहेत, कदाचित दोनच. न्यायालयात वकील हा प्रश्न लगेच विचारतो : तुम्ही पाहिलेत की ऐकलेत, आणि ऐकलेत तर कोणाकडून? घरात आपण तो विचारत नाही. मावशीला उलटतपासणी कोण घेणार!

या गोष्टीला पक्के तर्कशुद्ध रूप दिले ते अभिजित विनायक बॅनर्जी यांनी. अर्थशास्त्राचे २०१९ चे नोबेल मिळालेले हेच ते. जन्म मुंबईचा, आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, म्हणजे मराठी. मधले नाव विनायक. आपल्या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख यायला एवढे कारण पुरे आहे, पण खरे कारण त्यांचा १९९२ चा एक निबंध आहे. विषय होता कळपाचे वागणे. त्याच वर्षी बिखचंदानी, हर्श्लायफर आणि वेल्च या तिघांनीही स्वतंत्रपणे जवळपास तोच सिद्धांत मांडला.

बॅनर्जींचे उदाहरण दोन उपाहारगृहांचे आहे, मी ते आपल्या भाषेत स्टेशनसमोरच्या दोन खानावळींचे करून सांगतो. एक 'अ', एक 'ब'. गावात नवीन आलेले १०० लोक जेवायला निघाले आहेत. सर्वसाधारण समज असा की 'अ' किंचित बरी असावी, अगदी किंचित. प्रत्येकाला स्वतःची म्हणून थोडी खबर मिळालेली आहे. १०० पैकी ९९ जणांची खबर सांगते की 'ब' चांगली. एकाचीच खबर सांगते 'अ'. आता योगायोगाने तो एकटाच सर्वांत आधी पोहोचतो आणि 'अ' मध्ये शिरतो. दुसरा येतो. त्याची खबर 'ब'ची आहे, पण समोर दिसते की पहिला 'अ'मध्ये बसला आहे, म्हणजे त्याच्याकडे 'अ'ची खबर असणार. एक 'अ', एक 'ब', दोघांचे फिटले. उरला तो सर्वसाधारण समज, तो 'अ'कडे झुकतो. दुसराही 'अ'मध्ये जातो. तिसरा येतो, पाहतो, दोघे 'अ'मध्ये. त्याला ठाऊक आहे की दुसऱ्याने काहीही खबर असती तरी हेच केले असते, म्हणून दुसऱ्याकडून काहीच कळत नाही. पहिल्याची खबर आणि स्वतःची, पुन्हा फिटंफाट. तोही 'अ'मध्ये. असे करत शंभरचे शंभर 'अ'मध्ये जेवतात आणि 'ब'चा मालक माशा मारत बसतो, जरी ९९ जणांच्या खिशात त्याच्याच नावाची चिठ्ठी होती.

यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाने अगदी बरोबर विचार केला. आपल्याकडे संस्कृतात 'अंधपरंपरान्याय' म्हणून एक दृष्टांत आहे, आंधळ्यांची रांग, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. बॅनर्जींची रांग त्याहून चमत्कारिक आहे, कारण हिच्यात प्रत्येकाला डोळा आहे. पुढच्या माणसाला अधिक दिसत असेल अशा रीतसर हिशेबाने त्याने तो मिटून घेतला आहे.

आणि याच गणितातून 'लवकर उतरले कसे' याचेही उत्तर मिळते. बिखचंदानी आणि मंडळींनी दाखवले की अशी रांग दिसायला कितीही लांब असली तरी तिच्या मुळाशी पुरावा एकदोघांचाच असतो. म्हणून मध्येच कोणी थोडी ठोस माहिती सर्वांसमोर आणली तर सगळी रांग वळते. रंगीत दुधाच्या प्रयोगाने तेच केले. खरे तर तोवर पुष्कळांनी स्वतःच मूर्तीच्या पायाशी साचलेले दूध पाहिलेही होते, बोलले मात्र नव्हते. २००६ च्या ऑगस्टमध्ये हाच दुधाचा प्रकार पुन्हा झाला. त्याच्या आदल्याच दिवसांत मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची हूल उठली होती आणि लोक ते घाण पाणी बाटल्या भरून नेत होते, पीतही होते. तेही दोनचार दिवसांत ओसरले.

आता 'सर्वांसमोर' या शब्दाकडे वळू. तर्कशास्त्रात हा शब्द फार मोठा आहे. यावर एक जुने कोडे आहे आणि आपल्या लोकांना आवडावे असे की ते रेल्वेच्या डब्यातच घडते. इंग्रज गणिती लिटलवुड यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात ते दिले. एका डब्यात तीन बायका बसल्या आहेत, तिघींचेही चेहरे मळलेले आहेत. प्रत्येकीला इतर दोघींचे दिसतात, स्वतःचा दिसत नाही, आणि तिघी एकमेकींना हसत आहेत. लिटलवुडच्या गोष्टीत त्यांतल्या एकीला विचार करून एकदम आपलाही चेहरा मळला असल्याचे उमगते.

पुढे या कोड्यात भर पडली. समजा, टीसी आत येतो आणि मोठ्याने म्हणतो, "तुमच्यापैकी निदान एकीचा चेहरा मळला आहे." ही काही नवी बातमी नव्हे. प्रत्येकीला समोर दोन मळके चेहरे दिसतच होते. मग टीसी विचारतो, "स्वतःचा मळला आहे हे कोणाला कळले?" कोणी बोलत नाही. पुन्हा विचारतो, कोणी बोलत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिघी एकदम रुमाल काढतात! टीसी बोलला नसता तर हे घडलेच नसते. मग त्याने नवे सांगितले तरी काय?

कागद घेऊन करून पाहा. पहिलीला माहीत आहे की एक तरी चेहरा मळका आहे. तिला हेही माहीत आहे की दुसरीला ते माहीत आहे, कारण दुसरीला तिसरीचा मळका चेहरा दिसतो. पण दुसरी तिसरीविषयी काय समजत असेल? पहिली मनाशी म्हणते, समजा मी स्वच्छ आहे आणि दुसरीही स्वतःला स्वच्छ समजत आहे. तर दुसरीच्या कल्पनेतल्या तिसरीला दोन्ही चेहरे स्वच्छच दिसत असणार. म्हणजे 'हिला माहीत आहे की तिला माहीत आहे की तिसरीला माहीत आहे' ही साखळी तिथे तुटते. टीसी सर्वांदेखत बोलला आणि ती साखळी कितीही लांब ओढली तरी न तुटणारी झाली. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९६९ मध्ये आणि गणिती रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये या गोष्टीला नेमके रूप दिले. आपण तिला 'सामाईक ज्ञान' म्हणू. सगळ्यांना माहीत असणे वेगळे आणि सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणे वेगळे. मूळ गुजरातेतील पालनपूरचे रोहित पारीख हे न्यूयॉर्कमध्ये काम करणारे तर्कशास्त्रज्ञ. त्यांनी या साधनांनी सामाजिक रीतिरिवाजांचाच अभ्यास करावा असे सुचवले आणि त्याला नाव दिले 'सोशल सॉफ्टवेअर'. समाजाचे नियम म्हणजे एक प्रकारचा प्रोग्रॅम आणि तो तपासता येतो, अशी त्यामागची कल्पना.

हे वाचताना मला आपल्या उत्सवाचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव आधी कोणी सुरू केला, भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये की टिळकांनी पुढच्या वर्षी, हा वाद पुणेकरांकडेच राहू द्या. पण घरातला गणपती चौकात आला म्हणजे नेमके काय बदलले? इंग्रजी राज्याविषयी घराघरांत जे वाटत होते ते पूर्वीही वाटतच होते. प्रत्येकाला आपल्या मनातले ठाऊक होते, शेजाऱ्याच्याही मनातले बहुधा ठाऊक होते. मेळ्यातले पद ऐकताना शेकडो माणसे एकमेकांचे चेहरे पाहू लागली तेव्हा टीसी डब्यात येऊन बोलल्यासारखे झाले. सरकारला ते बरोबर कळले होते. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात पश्चिम भारतातील चळवळीचा आढावा घेताना गणपती उत्सवाची दखल घेतलेली आहे, ती काही आरतीच्या आवाजामुळे नव्हे.

इथपर्यंत तर्काची बाजू झाली. पण माणूस नुसत्या तर्कावर चालत नाही, आणि याचा पहिला पद्धतशीर पुरावा आपल्याच देशात गोळा झाला हे फार थोड्यांना माहीत असते. १५ जानेवारी १९३४ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, भर दुपारी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर शहर जवळजवळ भुईसपाट झाले. दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी एक वेगळेच काम केले. लोक काय काय बोलत आहेत ते त्यांनी टिपून ठेवले. गंगेचे पाणी भूकंपाच्या वेळी नाहीसे झाले होते, नेपाळच्या बाजूने पुराचा लोंढा येत आहे, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, अमुक तारखेला पाटणा शहरच उरणार नाही, वगैरे. हा अभ्यास त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला.

यातली चमत्कारिक गोष्ट अशी की पुढे येणाऱ्या आणखी भयंकर संकटांच्या या अफवा जिथे धक्का बसला पण पडझड फारशी झाली नाही अशा भागांतल्या होत्या. पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी हानी झाली, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या बोलण्याचा असाच अभ्यास केला. तिथे डोळ्यांसमोर खरोखरचा विध्वंस होता आणि 'आणखी मोठे संकट येणार' अशा अफवा मात्र तशा आढळल्या नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला त्यात प्रसाद आणि सिन्हा यांच्या या कामाचा मोठा आधार घेतला. त्यांचे म्हणणे असे : ज्याचे घर पडले त्याला भीतीचे कारण शोधावे लागत नाही. ज्याचे घर शाबूत आहे पण छातीत धडधड आहे, त्याला त्या धडधडीला शोभेल असे कारण हवे असते. भीती आधी येते, बातमी मागून तयार होते. आपण नेहमी उलटे समजतो, अफवेमुळे लोक घाबरले म्हणून.

त्याच भूकंपाबद्दल गांधीजींनी म्हटले होते की हे अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे. रवींद्रनाथांना ते अजिबात पटले नाही. निसर्गाच्या घडामोडीला नीतीचे कारण चिकटवू नये, असा लेखी आक्षेप त्यांनी घेतला आणि गांधीजींनी तो आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला. कारण शोधण्याची ही ओढ फक्त अडाण्यांना असते असे समजणाऱ्यांनी हा वाद जरूर लक्षात ठेवावा. मला त्यात आवडते ते छापणे.

आता रेल्वेच्या जवळचे एक प्रकरण. २०१२ च्या जुलैमध्ये आसामातील कोक्राझार भागात दंगली झाल्या. ऑगस्टमध्ये त्याचे पडसाद दूरवर उमटले. पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली होती, म्हणजे भीतीला अगदीच आधार नव्हता असे नाही. मग रमजान संपताच ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अर्थाचे एसएमएस आणि चित्रे फिरू लागली. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी बंगळुरू स्टेशनवर हजारोंची गर्दी झाली. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या, पुढचे दोनतीन दिवसही सोडाव्या लागल्या. पुण्याहून आणि दक्षिणेतल्या इतर शहरांतूनही लोक निघाले. मंत्री स्टेशनवर जाऊन समजूत घालत होते. १७ ऑगस्टला सरकारने दिवसाला पाचाहून अधिक एसएमएस एकगठ्ठा पाठवण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली.

इथे बॅनर्जींची खानावळ आणि लिटलवुडचा डबा दोन्ही एकत्र दिसतात. वसतिगृहातल्या मुलाने एसएमएसवर विश्वास ठेवलाच असे नाही. पण खोलीतले दोघे निघाले, मजल्यावरचे दहा निघाले, मग उरलेल्याला वाटते की मागे एकट्याने राहणे तरी धोक्याचेच. अफवा खोटी असली तरी 'सगळे जात आहेत' हे खरे असते, आणि तेवढे निघायला पुरते. आणि खास गाड्या? त्या सोडल्या नसत्या तर फलाटावर चेंगराचेंगरी झाली असती. सोडल्या तर लोक म्हणाले, रेल्वेच गाड्या सोडते आहे म्हणजे वरच्यांना काहीतरी माहीत असणार! ऑपरेटिंगवाल्यांनी गर्दी पाहून गाडी दिली आणि गर्दीने गाडी पाहून अफवेवर शिक्का मारून घेतला. यातून सुटायचे कसे, याचे बिनचूक उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेले नाही. माझे मत विचाराल तर गाड्या सोडायलाच हव्या होत्या. फक्त त्या 'गर्दीमुळे' सोडल्या आहेत हे प्रत्येक घोषणेत, आसामी आणि बोडोसकट प्रवाशांच्या स्वतःच्या भाषांतून, पुन्हा पुन्हा सांगायला हवे होते. अर्थात घरी बसून असे सांगणे सोपे असते.

सगळ्यांत दुःखद उदाहरण अलीकडचे. २२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान होती. आपल्यातल्या खानदेशी मंडळींना तो पट्टा माहीत असेल. गाडीला आग लागल्याची ओरड झाली, कोणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली आणि लोक उड्या मारून शेजारच्या रुळांवर उतरले. त्या रुळांवरून बंगळुरूकडून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस येत होती. निदान बारा माणसे गेली. आग नव्हतीच. चाकाशी ठिणग्या किंवा धूर दिसला असावा असे तेव्हा सांगितले गेले. ब्रेक घट्ट बसला किंवा ॲक्सल तापला की तसे होते, आपल्यापैकी सी ॲण्ड डब्ल्यूवाल्यांनी ते शेकडो वेळा पाहिले असेल. प्रवाशाने कशाला पाहिले असेल?

त्या डब्यातल्या शेवटच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. त्याला धूर दिसत नाही, ज्वाळा दिसत नाहीत. दिसते एवढेच की पुढची माणसे सामान टाकून उड्या मारत आहेत. कोणी सामान उगाच टाकत नाही, तेव्हा हा पुरावा शब्दांपेक्षा मोठा. खरे-खोटे करायला वेळ नाही. खोटे मानून थांबलो आणि आग खरी निघाली तर जीव जाईल. खरे मानून उतरलो आणि आग खोटी निघाली तर फार तर गाडी चुकेल. या हिशेबात उडी मारणेच शहाणपणाचे ठरते. हिशेबात फक्त दुसरी लाइन धरलेली नव्हती. तिथे रुळांना वळण आहे. त्या वेगातली गाडी इमर्जन्सी ब्रेक लावला तरी कित्येकशे मीटर पुढे जाते. हे रेल्वेच्या माणसाला अंगवळणी असते, डब्यातल्या माणसाला कोणी कधी सांगितलेले नसते. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली तर कोणत्या बाजूला उतरावे आणि दुसऱ्या लाइनपासून किती लांब राहावे, हे आपण डब्यात मराठी-हिंदीत ठळक लिहावे असे मी गेली काही वर्षे भेटेल त्याला सांगत असतो. साखळी ओढल्यास दंड किती, हे मात्र आपण न चुकता लिहितो.

रेल्वेच्या चोपड्यांमध्ये या सगळ्यावर एक जुना उपाय आहे, तोही तर्कशास्त्रच आहे. संगणकाच्या लोकांनी १९७० च्या दशकात एक कोडे मांडले : दोन सेनापती दोन टेकड्यांवर आहेत, निरोप्या मधल्या दरीतून जातो आणि तो पकडला जाण्याची भीती आहे. 'उद्या पहाटे हल्ला' हा निरोप पोचला का, याची पोच हवी. पोच पोचली का, याचीही पोच हवी. असे कितीही निरोप धाडले तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे सिद्ध करता येते. म्हणजे सामाईक ज्ञान तारेवरून मिळत नाही. मग दोन स्टेशनमास्तर एकाच रुळावर गाड्या चालवतात कसे?

ऑपरेटिंग आणि सिग्नल खात्यातल्या मंडळींना प्रायव्हेट नंबर म्हणजे काय हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. प्रत्येक स्टेशनकडे आणि जिथे नियम असेल तिथे गेटमनकडे आकड्यांचा एक छापील तक्ता असतो. आकडे कोणत्याही क्रमाने नसतात, आधी ओळखता येत नाहीत. गेटमनने फाटक लावले की तो फोनवर नुसते 'लावले' म्हणत नाही, आपल्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो आणि तो खोडतो. स्टेशनमास्तर तो आकडा वेळेसह वहीत लिहितो. आकडा एकदाच वापरायचा. त्यामुळे हे बोलणे ज्याचे त्याचेच आहे, आताचे आहे, कालच्या सवयीवरून गृहीत धरलेले नाही, एवढे पक्के होते. ऐकीव गोष्टीला इथे जागाच ठेवलेली नाही. शेजारच्या स्टेशनने 'फाटक लावले असेल' असे सांगून चालत नाही, पोर्टरने सांगून चालत नाही, दहा जणांनी सांगूनही चालत नाही.

सेनापतींची अडचण रेल्वेने सोडवलेली नाही, बाजूला सारली आहे. खात्री झाली नाही तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवले आहे : गाडी थांबवायची. अफवेत खात्री नसली की माणूस पळतो, इथे खात्री नसली की चाक थांबते. धावत्या डब्यातल्या माणसाला तेवढी सोय नसते, हे पुष्पकच्या बाबतीत विसरता कामा नये.

रात्री दोन वाजता गेटमन फोन उचलत नाही असे कधीकधी होते. डुलकी लागली असेल, फोन बिघडला असेल, फाटक बहुधा लावलेलेच असते. 'बहुधा'वर स्टेशनमास्तर सिग्नल देत नाही. तो लोको पायलटला लेखी कॉशन ऑर्डर देतो. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबते, शिट्टी होते, फाटक लागलेले आहे हे डोळ्यांनी पाहिले जाते आणि मगच गाडी पुढे सरकते. उशीर किती मिनिटांचा आणि का झाला, हे सकाळी कंट्रोलला सांगावे लागते ते वेगळे.